पाटीवरचा इतिहास आणि सातबारा



डहाणू-तलासरीकडे जमीनदारांचे जुने बंगले आता शहरच्या पाहुण्यांना रात्रीच्या भाड्याने मिळायला लागलेत. मागल्या महिन्यात अशाच एका वाडीवर चिकू काढायला गेलो होतो. फाटकावर बंगल्याचा इतिहास म्हणून पाटी लावलीय. शेठच्या आजोबांनी ओसाड माळावर बाग कशी फुलवली, पाहुणे किती जुन्या काळापासून येतात, सगळं लिहिलंय. खड्डे कोणी खणले, पाणी कोणी वाहिलं, ते नाय. आत जेवणाच्या खोलीत भिंतभर लग्नाचा चौक काढलाय. आपल्यात चौक लग्नघरी काढतात, पण विचारतो कोण!

अशाच बंगल्यांच्या ओट्यावर आपली माणसं लग्नासाठी कर्ज काढून लग्नगडी झाली. थोड्या रुपयांपायी नवराबायको जन्मभर शेठची. आजी सांगायची, "आपला भात शेतात पडून राहायचा, आधी शेठचं गवत कापायचं." ही वेठ कोणी दया येऊन सोडली नाही. मे १९४५ मध्ये झरीला लाल बावट्याखाली सभा झाली, वेठ करायची नाही असं ठरलं. त्याच वर्षी १० ऑक्टोबरला तलवाड्याला पोलिसांनी गोळ्या घातल्या. पाच जण गेले, जेठ्या गांगड त्यातलाच.

पाटीवर हे नाही म्हणून नुसता राग धरून भागणार नाही. ती पाटी नीट वाचा. १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळात आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीकडे गेली असेल, तर ती परत देण्याचा १९७४ चा कायदा आहे. पण ६ जुलै १९७४ पर्यंत जी जमीन बिनशेती वापरात आली, ती त्यातून सुटते. आता कळलं, पाहुणे "जुन्या काळापासून" का येतात? आपण त्या वाडीत लहानपणापासून राबतोय. पाहुण्यांच्या खोल्या काल-परवा बांधल्या, विटा आपल्याच बायांनी वाहिल्या.

तेव्हा तलाठ्याकडून सातबारा आणि जुने फेरफार काढा. इतर हक्कात कोणाचं नाव होतं आणि कधी कमी झालं, ते बघा. घरात जुनी पावती असेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून बैठकीला आणा. कागद नसेल तर म्हाताऱ्यांना आणा. कुठल्या बांधापर्यंत आपला नांगर चालायचा, ते त्यांना ठाऊक आहे.