दान, भंगार आणि मधली पस्तीस वर्षे

१९८३ पासून काही वर्षे एस्कॉर्ट्स कंपनीने जपानच्या यामाहाच्या सहकार्याने फरीदाबादमध्ये ‘राजदूत ३५०’ ही वेगवान मोटारसायकल बनवली. किंमत आणि पेट्रोलचा खर्च यांमुळे ती तेव्हा बेताचीच खपली. आज मात्र सुस्थितीतील एकेका गाडीसाठी संग्राहकांमध्ये चढाओढ लागते. विरोधाभास असा की, जिथे ती जन्मली त्याच शहराच्या रस्त्यावर कायद्याच्या लेखी ती ‘आयुर्मान संपलेले वाहन’ आहे. नव्वदच्या दशकातील टोयोटा सुप्रा किंवा निस्सान स्कायलाइन जीटी-आर यांसारख्या मोटारींची गत तीच. जगाच्या बाजारात त्यांचे मोल वर्षागणिक वाढते आहे; राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मात्र त्यांची गणना भंगारात होते.

आता समजा, फरीदाबादच्या एखाद्या उद्योजकाला अशी मोटार रुग्णालय चालवणाऱ्या धर्मादाय संस्थेला द्यायची आहे. हेतू निर्मळ आहे, वस्तू मौल्यवान आहे, घेणारी संस्था गरजू आहे. तरीही हे दान पार पडणे कठीण. त्याची कारणे आपल्या दोन कायदेशीर चौकटींमध्ये आहेत, आणि या चौकटी एकमेकींशी कधी बोललेल्या नाहीत.

पहिली चौकट वाहनांच्या वयाची. राष्ट्रीय हरित लवादाने घातलेली आणि सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१८ मध्ये कायम केलेली मर्यादा डिझेल वाहनांसाठी १० वर्षे, पेट्रोल वाहनांसाठी १५ वर्षे अशी आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायालयाने सक्तीच्या कारवाईला स्थगिती दिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हे संरक्षण बीएस-४ व त्यापुढील वाहनांपुरते सीमित केले. म्हणजे विसाव्या शतकातील एकही मोटार त्या छत्राखाली येत नाही. दुसरीकडे, केंद्राने २०२१ मध्ये ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली, पण तिची अट किमान ५० वर्षांची. परिणामी पंधरा ते पन्नास या पस्तीस वर्षांच्या पट्ट्यातील वाहनाला ना वर्तमानात जागा, ना इतिहासात. १९८३ ची राजदूत वारसा ठरेल ती २०३३ मध्ये; तोवर ती शिल्लक राहिली तर.

दुसरी चौकट कराची. प्राप्तिकर कायद्याखालील देणगीची वजावट केवळ पैशाच्या रूपातील देणगीला मिळते. वस्तुरूप दानाला नाही. दात्याने मोटार आधी विकावी आणि मग धनादेश द्यावा, असे यावर कोणी सुचवेल. हा मार्ग खुला आहे, हे खरे. परंतु त्यात विक्रीचा सारा व्याप दात्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या माथी येतो, आणि ‘या लिलावातून रुग्णालय उभे राहणार आहे’ या एका वाक्याने बोलीला जे बळ मिळते, ते हरवते.

हे बळ काल्पनिक नाही. डिसेंबर १९६४ मध्ये पोप पॉल सहावे मुंबईला आले, तेव्हा त्यांना भेट मिळालेली पांढरी लिंकन मोटार त्यांनी जाताना मदर तेरेसांना दिली. त्यांनी ती विकली नाही. तिच्यासाठी सोडत काढली आणि ते पैसे आसनसोलजवळच्या शांतिनगर या कुष्ठरुग्णांच्या वसाहतीसाठी वापरले. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत नव्या पिढीची पहिली टोयोटा सुप्रा धर्मादाय कार्यासाठी लिलावात निघाली आणि २१ लाख डॉलरना गेली. आपल्याकडे २०२० मध्ये नव्या ‘थार’च्या पहिल्या गाडीला दिल्लीच्या एका नागरिकाने १ कोटी ११ लाखांची बोली लावली, कंपनीने तेवढीच भर घालून ती रक्कम समाजकार्याला दिली. या तिन्ही वेळी वस्तूच्या बाजारभावाहून तिच्यामागचा हेतू मोठा ठरला.

अर्थ मंत्रालयाची शंका मला ठाऊक आहे आणि ती रास्तही आहे: वस्तूचे मोल ठरवायचे कोणी? अमेरिकेत दाते जुनाट मोटारी देऊन फुगवलेल्या किमतीची वजावट घेत, संस्थेच्या हाती मात्र किरकोळ रक्कम पडे. तेथील संसदेच्या लेखापरीक्षण यंत्रणेने २००३ मध्ये हे उघड केले. त्यावर तेथे दानच बंद केले गेले नाही. संस्थेने मोटार विकली तर विक्रीतून प्रत्यक्ष आलेल्या रकमेइतकीच वजावट, हा सर्वसाधारण नियम २००५ पासून लागू झाला. प्रश्न मूल्यांकनाचा होता. उत्तर हिशेबात सापडले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटू नये. नाशिकच्या लेण्यांतील उषवदाताच्या शिलालेखात ३००० कार्षापणांच्या अक्षयनिधीची नोंद आहे. त्यातील २००० एका विणकर श्रेणीकडे, १००० दुसरीकडे, दोन्हींचे व्याजदर वेगळे, व्याज कशावर खर्चायचे तेही लिहिलेले, आणि सारे निगमसभेत जाहीर केलेले. दानाची प्रतिष्ठा दात्याच्या भावनेइतकीच नोंदीच्या काटेकोरपणावर उभी असते, हे आपल्या मातीत सुमारे १९०० वर्षांपूर्वी उमगले होते.

राहिला हवेचा प्रश्न. फरीदाबादची हिवाळ्यातील हवा ज्याने श्वासात घेतली आहे, तो जुन्या इंजिनांची वकिली करणार नाही. मीही करत नाही. पण वर्षाकाठी जेमतेम काहीशे किलोमीटर धावणारी संग्राह्य मोटार आणि रोज माल वाहणारा जुना ट्रक यांना एकाच मापाने मोजणे म्हणजे धोरण नव्हे. जर्मनीने ३० वर्षांवरील, मूळ रूपात जपलेल्या वाहनांना वेगळी नोंदणी देऊन हा भेद केला आहे.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. व्हिंटेज नोंदणीची वयोमर्यादा ५० वरून ३० वर्षांवर आणावी आणि वापरावर कडक मर्यादा घालावी. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला दान मिळालेले वाहन, ते न चालवता, ठरावीक मुदतीत खुल्या लिलावाने विकण्याची आणि राजधानी क्षेत्राबाहेरच्या खरेदीदाराच्या नावे करण्याची सुटसुटीत परवानगी असावी. आणि त्या लिलावातून संस्थेच्या खात्यात जमा झालेल्या रकमेपुरती दात्याला वजावट मिळावी.

हा श्रीमंतांच्या छंदाचा कैवार वाटेल. परंतु छंद श्रीमंतांचा असला, तरी वजावट मिळेल ती संस्थेच्या खात्यात पैसे जमा झाल्यावरच. मोटार भंगारात गेली तर लोखंडाचा भाव मिळेल, बंद गॅरेजमध्ये राहिली तर धूळ साचेल. तिसरा मार्ग रुग्णालयाच्या खाटेपर्यंत जातो, आणि तो मोकळा करायला सरकारी तिजोरीपेक्षा इच्छाशक्तीच अधिक खर्ची पडेल.