बालबुद्धीचे संशोधन कोणाच्या अंगणात?

दोन वर्षांचे मूल शब्द कसे जोडते, संख्या कशी ओळखते, यावर पीएच.डी. करणे ही सुखवस्तूंची हौस आहे, असा समज आपल्याकडे रूढ आहे. तो तपासून पाहिला पाहिजे. २००० साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे जेम्स हेकमन यांनीच वंचित बालकांच्या पहिल्या काही वर्षांवरील खर्च समाजाला भरघोस परतफेड देतो, हे सप्रमाण मांडले आहे.

प्रश्न असा, की हे शास्त्र कोणत्या मुलांवरून घडते? पियाजे यांनी शैशवाविषयीचे सिद्धान्त स्वतःच्या तीन अपत्यांच्या निरीक्षणातून उभारले. आजही मानसशास्त्रातील बहुतांश संशोधन संपन्न पाश्चात्त्य समाजांवर आधारलेले आहे. आई रोवणीला गेल्यावर थोरल्या बहिणीच्या कडेवर झाडीबोली ऐकत वाढणारे शहापूरचे मूल त्यात कोठे आहे?

ताराबाई मोडक यांनी १९४५ पासून बोर्डीला व १९५७ पासून कोसबाडला, अनुताई वाघांच्या साथीने, बालशिक्षण गरिबांच्या अंगणात नेले. संशोधनाने ती वाट फारशी धरलेली नाही.

कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. पण ती मोजक्यांच्याच वाट्याला येते. विद्यापीठांनी अंगणवाडीलाच प्रयोगशाळा मानावे, सेविकेला मानधनासह सहसंशोधक करावे, आणि बोलीभाषेत चाचण्या घडवणाऱ्या ग्रामीण विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना अग्रक्रम द्यावा. अन्यथा परक्या मापाने मोजलेले आपले मूल मंद ठरेल. दोष मापाचा असेल, शिक्षा मात्र मुलाला होईल.