शब्दांची संगत

गेल्या महिन्यांत आमच्या एका स्नेह्यांच्या कन्येचा कॉलेजांतील इंग्रजी निबंध आमच्या पाहण्यांत आला. 'वुई डिस्कस्ड अबाउट द प्रॉब्लेम' या वाक्यांतील 'अबाउट'वर तांबड्या शाईची रेघ होती. कारण कोठेंच नव्हतें. मुलीनें विचारलें, "काका, 'टॉक अबाउट' चालतें, मग हें कां नाहीं?" आम्हीं व्याकरण उघडलें, कोश चाळला आणि अखेर 'तशी रूढि आहे' एवढेंच सांगितलें. तिचें समाधान झालें नाहीं, आणि तें कां व्हावें?

रूढि नुसती सांगावी लागत नाहीं, दाखवितां येते. भाषेच्या प्रत्यक्ष वापराचे नमुने संगणकांत सांठवून त्यांत हवा तो शब्द शोधण्याची सोय केलेल्या संग्रहास 'कॉर्पस' म्हणतात. अमेरिकेंतील ब्राउन विद्यापीठाचा १९६४ सालचा संग्रह सुमारें दहा लाख शब्दांचा होता. १९९४ मध्यें पुरा झालेला ब्रिटिश संग्रह दहा कोटींचा आहे. त्यांत 'डिस्कस' शोधावा, कीं तो शब्द मधोमध ठेवून वाक्यांच्या ओळी एकाखालीं एक उभ्या राहतात, आणि त्याच्या उजवीकडे बहुधा चर्चेचा विषयच थेट येऊन बसलेला दिसतो. 'डिस्कशन' शोधल्यास मात्र 'ऑफ' आणि 'अबाउट' भेटतात. आपण मराठींत एखाद्या गोष्टीविषयीं चर्चा करतों. तो 'विषयीं'च मुलीच्या लेखणींतून उतरला होता! बर्मिंगहॅमचे टिम जॉन्स अशाच ओळी परदेशी विद्यार्थ्यांपुढें ठेवून नियम त्यांचा त्यांनाच शोधावयास लावीत. मात्र शेंकडों ओळींचा ढीग मुलांपुढें टाकूं नये. दहा-बारा वेंचून द्याव्या.

या कामीं कोल्हापूरचें नांव जगांतील अभ्यासकांस ठाऊक आहे, हें आपल्यापैकीं किती घरीं माहीत असेल? शिवाजी विद्यापीठांत प्रा. एस्. व्ही. शास्त्री यांच्या नेतृत्वाखालीं, ब्राउनच्याच धर्तीवर, १९७८ सालच्या भारतीय इंग्रजी लेखनाचे ५०० उतारे घेऊन दहा लाख शब्दांचा संग्रह १९८६ मध्यें सिद्ध झाला. आपलें इंग्रजी कोठें निराळें वळण घेतें, हें त्यावरून पडताळतां येतें. आतां निराळें तितकें सारेंच चूक काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. परीक्षेच्या कागदावर विलायतेची रूढि पाळावी हें खरें. परंतु मराठी वळणाला अडाणीपणा म्हणून तांबडी रेघ ओढणाऱ्याचें मत आम्हांस मान्य नाहीं.

त्या मुलीस आम्हीं बारा ओळी लिहून दिल्या. सातवी वाचतांच ती हंसली. परवां ती पुन्हा आली होती: "आपण 'त्याच्याशीं लग्न' म्हणतों, म्हणून मी 'मॅरीड विथ' लिहितें ना, काका?" या खेपेस ओळी तिनें स्वतःच शोधून आणल्या होत्या.