पेंचचा अंधार आणि आमच्या कारागिरांची रोजी

जानेवारी २०२४ मध्ये नागपूरच्या उत्तरेला असलेल्या महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला ‘डार्क स्काय पार्क’ हा दर्जा मिळाला. म्हणजे, जिथला रात्रीचा अंधार जपून ठेवला आहे आणि जिथे आकाश अजून स्वच्छ दिसते, असे राखीव उद्यान. हा दर्जा देणारी संस्था अमेरिकेतील आहे, डार्कस्काय इंटरनॅशनल तिचे नाव. भारतात हा मान मिळवणारे पेंच हे पहिलेच उद्यान. त्याआधी २०२२ मध्ये लडाखमधील हानले येथे असे राखीव क्षेत्र जाहीर झाले होते, परंतु हानले कुठे आणि आपल्या दारातले सिल्लारी कुठे! वर्तमानपत्रांत बातमी आली आणि गेली. आमच्या बाजारात तिची चर्चा दोन दिवससुद्धा टिकली नाही. वाघ पाहणाऱ्यांचे आणि तारे पाहणाऱ्यांचे ते काम, आपल्याला काय त्याचे, असे जो तो म्हणाला. आमचे म्हणणे असे की, या बातमीत आमच्या कारागिरांची रोजी दडलेली आहे, आणि दुसऱ्या कोणी ती उचलून नेण्यापूर्वी आपल्या लोकांनी तिचा विचार केला पाहिजे.

पेंचमध्ये नेमके केले काय, तेही पाहण्यासारखे आहे. वाघोडा, सिल्लारी, पिपरिया आणि खापा या गावांतील शंभरावर दिवे बदलून त्यांचे तोंड जमिनीकडे करण्यात आले. वाघोडा तलावाजवळचा मनोरा आकाश पाहण्यासाठी राखून ठेवला, दुर्बीण आणली. म्हणजे गावे अंधारात ढकलली नाहीत. रस्त्यावर पाहिजे तो उजेड रस्त्यावरच पडेल आणि आभाळात जाणार नाही, एवढीच व्यवस्था केली. हे काम कोणी फार मोठ्या इंजिनिअरनेच करावे असे नाही. आमच्या पत्र्याचे काम करणाऱ्या कारागिराला एक नमुना दाखवा, संध्याकाळपर्यंत तो दहा टोप्या वळून देईल.

आता कोणी विचारील की, अंधार पाहायला माणूस पैसे का मोजेल? उत्तर आमच्या प्रतापनगरच्या गच्चीवर उभे राहिले की मिळते. दक्षिणेला सोनेगावचे विमानतळ, त्यापलीकडे मिहान, पश्चिमेला रिंग रोड आणि उत्तरेला सबंध शहर. अमावस्येच्या रात्रीसुद्धा आभाळ राखाडी दिसते आणि तारे बोटांवर मोजावेत इतकेच. पूर्वीच्या पिवळ्या सोडियम दिव्यांच्या जागी आता पांढरे एलईडी आले आहेत. वीज वाचली हे खरे, पण पांढऱ्या उजेडातला निळा अंश हवेत जास्त पसरतो. जगभरच्या हौशी निरीक्षकांनी २०११ ते २०२२ या काळात केलेल्या नोंदींवरून शास्त्रज्ञांनी २०२३ साली हिशोब मांडला की, आकाशाचा उजेड दर साल सरासरी ९.६ टक्क्यांनी वाढत आहे. व्याज आम्हाला हराम असले तरी चक्रवाढीचे गणित आम्हाला कळते. साडेसात वर्षांत दुप्पट. जी वस्तू दर साल कमी होत जाते तिचा भाव चढतो, हे कापडाच्या बाजारात बसणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

नागपूरहून अंधार शोधायला निघायचे तर दिशा पाहून निघावे. दक्षिणेला बुटीबोरीचे कारखाने आहेत, त्यामुळे वर्धा रस्त्याने बरेच अंतर जाऊनही आभाळ उजळलेलेच दिसते. उमरेडकडे कोळशाच्या खाणींवर रात्रभर दिवे असतात. उत्तरेला कोराडी आणि खापरखेड्याची वीज केंद्रे आहेत, पुढे कामठी, कन्हान. परंतु मनसर ओलांडले की जंगल सुरू होते आणि शहराचा उजेड पाठीमागे राहतो. पवनीजवळ डावीकडे वळून सिल्लारी, घरापासून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटर. पहिल्यांदा जाणाऱ्याने एवढ्या लांब जायचे नसेल तर काटोल रस्त्याला किंवा अमरावती रस्त्याने कोंढाळीकडे ओळखीच्या माणसाची संत्र्याची बाग गाठावी. पेंचइतका अंधार तिथे नाही, पण प्रतापनगरच्या मानाने फरक डोळ्यांत भरतो. जागा चांगली की वाईट हे तपासायला यंत्र लागत नाही. सप्तर्षीतल्या वसिष्ठाला चिकटून एक बारीक तारा आहे, मराठीत त्याला अरुंधती म्हणतात, अरबांनी त्याला सुहा म्हटले आणि नजरेची परीक्षा त्यावर घेतली. तो सहज दिसला तर जागा कामाची. मात्र गाडीतून उतरल्याबरोबर पाहू नये. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि मध्येच कोणी मोबाईल उघडला की ती सगळी मेहनत वाया.

तारीख निवडण्याच्या बाबतीत तर आमच्या दुकानात टांगलेले इस्लामी कॅलेंडरच पुरे. महिन्याच्या २७ तारखेपासून पुढच्या महिन्याच्या ३ तारखेपर्यंतच्या रात्री सर्वांत चांगल्या. ७ तारखेला चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो, म्हणजे त्यानंतर पाहता येते. १३, १४, १५ तारखांना जाणे म्हणजे पैसे पाण्यात. दिवस पावसाळा सरल्यानंतरचे, ऑक्टोबर ते मार्च.

उर्दू शाळेत आम्ही कहकशाँ, सुरैया, दुब्ब-ए-अकबर ही नावे वाचली, पाठ केली आणि परीक्षेत लिहिली. मराठीत त्यांनाच आकाशगंगा, कृत्तिका, सप्तर्षी म्हणतात. आमच्या घराघरांत सुरैया आणि कहकशाँ नावाच्या मुली आहेत, पण स्वतःच्या नावाची वस्तू आभाळात पाहिलेली मुलगी शहरात शोधून सापडणार नाही. इंग्रजी नकाशांवर रोहिणीला आल्डेबरान, श्रवणाला अल्टेर, राजन्याला रायगेल म्हणतात, हे सगळे अरबी शब्द. इस्फहानच्या अब्दुर्रहमान अस्-सूफी यांनी सुमारे ९६४ साली लिहिलेल्या ग्रंथात देवयानी तारकासमूहातल्या एका लहानशा ढगाची नोंद केली. तो ढग म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी आकाशगंगा, हे पुढे विसाव्या शतकात सिद्ध झाले. नोव्हेंबरच्या रात्री पेंचमध्ये तो ढग दुर्बिणीवाचून दिसतो.

आणखी एक गोष्ट. सुब्ह-ए-काज़िब आणि सुब्ह-ए-सादिक़ यांतला फरक आम्ही मदरशात शिकतो, फज्रची वेळ त्यावर ठरते. पण सुब्ह-ए-काज़िब पाहिली आहे असे छातीवर हात ठेवून सांगणारे किती? ती म्हणजे पूर्वेला उभा चढणारा फिकट उजेडाचा खांब. सूर्याभोवती पसरलेल्या बारीक धुळीवर पडलेले सूर्याचेच ते किरण. शहराच्या उजेडात ती कधीच दिसणार नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या पहाटे काळोख्या ठिकाणी दिसते, आणि तिच्यामागून क्षितिजावर आडवी पसरणारी सुब्ह-ए-सादिक़ आली की दोहोंतला फरक एका नजरेत समजतो. आपल्या मौलाना साहेबांना एकदा न्यावे, असे आम्हाला फार वाटते.

आता धंद्याकडे येतो. अंधार पाहायला येणारा माणूस रात्रभर राहतो. वाघ पाहणारा दिवसा जिप्सीत बसून परत जातो, हा मात्र जमिनीवर पडून वर पाहतो. त्याला अंथरायला पाहिजे, पांघरायला पाहिजे, डोक्यावर तंबू पाहिजे, खायला पाहिजे आणि नेणारी-आणणारी गाडी पाहिजे. यांतली कोणती वस्तू आमच्या बिरादरीत होत नाही? कामठी आणि मोमीनपुऱ्याच्या विणकरांनी पिढ्यानपिढ्या कापड विणले. शिवणारे, रफू करणारे, गाद्या भरणारे आमचेच. बिछायत केंद्रे चालविणाऱ्यांतही आमचे बांधव पुष्कळ आहेत. तुळशीचे लग्न लागेपर्यंत लग्ने नसतात आणि पौषात मुहूर्त नसतात, त्या दिवसांत कनाती आणि दऱ्या गोदामात पडून असतात. आकाश पाहण्याचे उत्तम दिवस नेमके तेच. पडून असलेला माल आणि रिकामा हात, दोन्ही एकाच वेळी कामाला लागतात.

परंतु लग्नाच्या मंडपाचे चकचकीत पॉलिस्टर तिथे चालणार नाही. तंबू सुती डक कॅनव्हासचा पाहिजे. हिवाळ्यात पेंचमध्ये दव भरपूर पडते. नायलॉनच्या तंबूत माणसाच्या श्वासाचीच वाफ आतून कापडावर जमते आणि पहाटे अंगावर ठिबकते. सुती कॅनव्हास श्वास घेतो. त्याचे सूत ओले झाले की फुगते आणि विणीची भोके आपोआप बुजतात. म्हणून नवा तंबू वापरण्यापूर्वी एकदा पुरता भिजवून, ताणून, वाळवून घ्यावा, आणि शिलाई सुती दोऱ्याने करावी म्हणजे सुईची भोकेही फुगून बंद होतात. पॉलिस्टरचा दोरा ओला होऊन फुगत नाही, हे शिवणाऱ्याला बजावून सांगावे. ओला तंबू घडी करून ठेवला तर चार दिवसांत बुरशी धरते, ही जबाबदारी भाड्याने देणाऱ्याची. तंबूला आतून गडद रंगाचे अस्तर लावावे, नाहीतर आत दिवा लावला की सगळा तंबू कंदिलासारखा उजळतो आणि शेजाऱ्याचे आभाळ खराब होते. असे अस्तर लावलेला तंबू तयार बाजारात आम्हाला दिसला नाही. जो प्रथम शिवील त्याचा तो माल.

हातातल्या बॅटरीला लाल कापड बांधतात, कारण लाल उजेडाने डोळ्यांचा सराव मोडत नाही. इथेही कापडवाल्याचे ज्ञान लागते. विरळ लाल मलमल एक पदर बांधली तर विणीच्या भोकांतून पांढरा उजेड तसाच बाहेर येतो. घट्ट विणीचे कापड दोन-तीन पदर पाहिजे, किंवा लाल जिलेटिनचा कागद. लहानशी वस्तू आहे, पण शिवलेली लाल टोपी बॅटरीसोबत विकली तर येणारा प्रत्येक माणूस घेईल. पांघरण्यासाठी सोलापुरी चादर एकटी पुरत नाही, खाली दरी आणि वर घोंगडी पाहिजे. दवात घोंगडी ऊब सोडत नाही.

खरे गिऱ्हाईक मात्र एकटादुकटा प्रवासी नसून तिथली रिसॉर्टवाली मंडळी आहेत. अंधारामुळे पाहुणे येऊ लागले तर त्यांना आपापल्या आवारातले दिवे बदलावेच लागतील, पत्र्याच्या टोप्या बसवाव्या लागतील, खिडक्यांना जाड पडदे लावावे लागतील. पडदा आमचा, टोपी आमच्या पत्रेवाल्याची. नमुने घेऊन दारावर जावे लागेल, दुकानात बसून हे गिऱ्हाईक येणार नाही. आमच्यात ही खोड आहे की, माल उत्तम करायचा आणि गिऱ्हाईक चालत येण्याची वाट पाहायची. तोवर मुंबई-पुण्याची कंपनी छापील पुस्तिका घेऊन पोहोचलेली असते.

एक पथ्य आम्ही आमच्या बांधवांना आवर्जून सांगू. त्या गावांत राहणाऱ्या लोकांचा पहिला हक्क आहे. जंगलाचे नियम पाळत, दिवे बदलू देत अंधार जपला तो त्यांनी. तेव्हा तंबू आपण शिवावेत, पण लावण्याचे, राखण्याचे, स्वयंपाकाचे काम तिथल्या माणसांना द्यावे, आणि शिवण शिकायची इच्छा असेल त्यांना शिकवावे. शहरातून सगळी माणसे भरून नेणाऱ्याचा धंदा एक हंगाम चालतो.

आता ज्या गोष्टीवर लोक दबक्या आवाजात बोलतात ती उघड बोलू. दाढी-टोपीवाले पाच-सहा तरुण रात्री गाडी घेऊन तलावाकाठी उतरले, हातात दुर्बीण आणि चादरी, तर काय काय प्रश्न विचारले जातील हे आम्हाला ठाऊक आहे. गेल्या हिवाळ्यात आमच्या ओळखीतल्या मुलांना एका ठिकाणी तासभर रस्त्यावर उभे केले होते. तारे पाहायला आलो, या उत्तरावर कोणाचा विश्वास बसेना. या भीतीने घरी बसणे हा उपाय नाही, पण बेसावध जाणेही शहाणपणाचे नाही. व्याघ्र प्रकल्पात परवानगीवाचून शिरणे आणि वाटेल तिथे तंबू ठोकणे हा तसाही गुन्हा आहे, आणि वाघ कोणाची जात विचारत नाही. म्हणून सिल्लारीला वन खात्याकडे रीतसर नोंदणी करावी, पावती आणि ओळखपत्र सोबत ठेवावे. दुसऱ्या गावी जायचे तर शेतमालकाची परवानगी घ्यावी आणि पोलीस पाटलाच्या कानावर घालावे. घरच्या मंडळींना बरोबर न्यावे. बायका-मुले असलेल्या गाडीकडे लोक वेगळ्या नजरेने पाहतात आणि मुलांनी तर हे पाहिलेच पाहिजे. हलाल खाण्याची चिंता असेल तर डबा घरून बांधून न्यावा, तिथे चूल पेटवू नये.

नमाज़ची दिशा विचारण्यासाठी मोबाईल उघडण्याचे कारण नाही. नागपूर सुमारे २१ अक्षांशावर आहे आणि मक्का शरीफही २१ अक्षांशावरच, त्यामुळे कुतुब तारा इथे जितका उंच दिसतो जवळपास तितकाच तिथे दिसतो. त्याच्याकडे तोंड करून उभे राहावे, डावीकडे काटकोनात वळावे आणि मग सात-आठ अंश, म्हणजे अगदी थोडे, परत उजवीकडे यावे. क़िब्ला समोर आहे.