पट्ट्याची घाई

जून उजाडला की सोसायटीच्या फाटकावर कराटे-तायक्वांदोच्या वर्गांचे फलक लागतात आणि साडेतीन-चार वर्षांची पोरं ढगळ पांढऱ्या पोशाखात शिरतात. पालकांचं म्हणणं ठरलेलं: लहानपणी अंग लवचीक असतं, भीती नसते, पुढे अभ्यास वाढतो. लवचीकपणाचं खरं आहे. पण लवचीक अंग म्हणजे मार सोसणारं अंग नव्हे. हाडांच्या टोकांजवळचा वाढीचा भाग किशोरवयापर्यंत कूर्चेचाच असतो आणि सांधा पिळला गेला तर अनेकदा तोच आधी दुखावतो. राहिली भीती. ती नसलेलं मूल समोरच्याला किती जोरात लागलं हे पाहत नाही. हा गुण म्हणायचा का?

मग येतो काळ्या पट्ट्याचा मोह. सोलमधलं कुक्कीवॉन हे तायक्वांदोचं मुख्य पीठ. तेसुद्धा पंधरा वर्षांखालच्या मुलाला ‘दान’ ही मोठ्यांची काळ्या पट्ट्याची श्रेणी देत नाही, ‘पूम’ ही मुलांची श्रेणी देतं. पट्टाही अर्धा लाल, अर्धा काळा. आपल्या गल्लीतल्या आठ वर्षांच्या पोराच्या ब्लॅक बेल्टची इतकी घाई कुणाला? दर तीन महिन्यांनी परीक्षेची फी कोण गोळा करतं, ते पाहिलं की उत्तर मिळतं. जपानच्या ज्यूदो महासंघाने तर २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धाच बंद केली. कारण होतं जिंकण्याचा अतिरेकी हव्यास, तोही बराचसा मोठ्यांचा.

‘स्वसंरक्षणासाठी घालतोय’ हा सर्वांत हळवा मुद्दा, आणि सर्वांत कच्चा. सहा वर्षांची मुलगी मोठ्या माणसाला ठोसा मारून सुटत नाही. तिला ओरडता, पळता आणि घरी येऊन सांगता यायला हवं. त्याला पट्टा लागत नाही.

उलट टोकाचे लोक सांगतात, बाराव्या वर्षापर्यंत थांबा. तेही पटत नाही. जपानच्या शाळांमध्ये १९८३ ते २०११ या काळात ज्यूदोत ११८ मुलं दगावली. ती माध्यमिक आणि उच्च माध्यमिक शाळांतली होती, आणि त्यांत पहिल्या वर्षातल्या नवख्यांचा भरणा मोठा. अनेकांच्या डोक्याला मार बसला होता. नीट पडायला शिकण्याआधी फेकलं गेलं तर तेरावं वर्षही वाचवत नाही.

म्हणून माझं मत: सहा-सात हे सुरुवातीचं चांगलं वय. केरळच्या कळरीत, म्हणजे तिथल्या युद्धकलेच्या आखाड्यातही, परंपरेने सातव्या वर्षी पाऊल पडतं. त्या वयाला मूल घोळक्यात असूनही ‘थांब’ ऐकून थांबू शकतं. ज्याला ते जमत नाही, त्याने आठव्या वर्षी यावं, बिघडत काही नाही. पहिली एक-दोन वर्षं पडणं, लोळणं, तोल, पवित्रे. कोल्हापूरच्या तालमीतला जाणता वस्तादही नव्या पोराला लगेच जोडीला लावत नाही. हौद्यातली माती खणणं, दंड, बैठका आधी. डोक्यावरचे प्रहार आणि अंगावरची झुंज किशोरवयात. जपानमध्ये ज्यूदोत प्राथमिक शाळेतल्या मुलांना गळा आवळण्याचे डाव वर्ज्य आहेत, सांधे मोडण्याचे डाव तर त्यानंतरही काही वर्षं.

नाव घालण्यापूर्वी वर्गात तासभर बसून पाहा. मूल रडायला लागलं, की सर काय करतात? आणि पहिल्या तीन महिन्यांत काय शिकवणार, असं विचारल्यावर परीक्षेची तारीख सांगितली, तर खुशाल दुसरा वर्ग शोधा.