चपट्या कृमींचे घड्याळ

प्राणिशास्त्राच्या पुस्तकात चपट्या कृमींचा संघ येतो तो परीक्षेपुरताच. प्लॅनेरिया, यकृतकृमी, पट्टकृमी ह्यांच्या आकृत्या आम्ही वहीत काढतो, भागांस नावे देतो आणि पान उलटतो. हा जीव दिवसा काय करतो नि रात्री काय करतो, हे आम्हांस कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारीत नाही. आमच्या मते जाणण्यासारखे पुष्कळसे ह्याच प्रश्नात आहे.

कोणी म्हणेल, यःकश्चित कृमीच्या दिनचर्येवाचून पांढुर्ण्याच्या संत्रेवाल्याचे किंवा सौंसरच्या शेतकऱ्याचे काय अडले? त्यास रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावाचे उदाहरण पुरे आहे. १९५२ साली गाडगीळ व शहा ह्या संशोधकांनी तेथे शिस्टोसोमा नामक चपट्या कृमीचा रोग माणसांत असल्याचे दाखवून दिले. लघवीतून रक्त जाणे हे त्याचे लक्षण. ह्या कृमीची पिले गोगलगायीच्या शरीरात वाढतात, मग पाण्यात बाहेर पडतात आणि पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. बाहेर पडल्यावर त्यांचे आयुष्य फार तर एक-दोन दिवसांचे. वेळ चुकली की सारे संपले! म्हणून माणसाच्या अंगात राहणाऱ्या जातीची पिले बहुधा भर उन्हाच्या वेळी, माणसे पाण्यात असतात तेव्हाच, बाहेर येतात. ग्वादलूप बेटावर तर एकाच जातीत दोन वेळा आढळल्या. जेथे माणसांत वस्ती, तेथे दुपारपूर्वी. जेथे उंदरांत, तेथे संध्याकाळच्या सुमारास. तेरों ह्या फ्रेंच संशोधकाने दोहोंचा संकर घडविला, तो संततीची वेळ मधलीच निघाली. ही वेळ शिकलेली नव्हे, वारशाने आलेली आहे. आपल्या देशात गुरांच्या नाकात राहून त्यांना घोरावयास लावणारा कृमीही ह्याच कुळातला, हे बैल बाळगणाऱ्या घरांनी ध्यानी घ्यावे.

प्लॅनेरिया मात्र निरुपद्रवी. तो दिवसा दगडाखाली दडतो, रात्री हिंडतो. उजेडाच्या भीतीने, की आतील घड्याळामुळे? ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत त्याच्या विश्रांतीचा ताल आतूनच निर्माण होतो असे दिसले. एवढ्याशा मेंदूच्या प्राण्यालाही झोपेसारखे काही आहे तर!

हा प्रयोग आमच्या शाळेत का होऊ नये? जाम नदीचे नाव निघताच लोकांस पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची गोटमार आठवते. त्याच नदीचे दगड उलटून खाली पाहण्याची आठवण कोणास होत नाही. वरच्या अंगाच्या स्वच्छ ओढ्यात उकडलेल्या अंड्याच्या बलकाचा तुकडा दगडाखाली ठेवावा, तासाभराने येऊन पाहावे. सापडलेले प्राणी मऊ कुंचल्याने उचलून ओढ्याच्याच पाण्याच्या बरणीत सोडावे. नळाचे क्लोरीनयुक्त पाणी त्यांस मारक ठरते. एक बरणी खिडकीशी, दुसरी काळ्या कापडात. दर दोन तासांनी मंद तांबड्या उजेडात मोजावे की किती फिरतात, किती निश्चल आहेत. अंधारातल्या बरणीतही दिवस-रात्रीचा फरक दोन-तीन दिवस टिकला, तर घड्याळ आत आहे असे मानण्यास आधार मिळेल.

खर्च म्हणाल तर दोन बरण्या व एक अंडे. अडचण रात्रीची आहे. गुरुजनांनी एका शनिवारी प्रयोगशाळेचे दार रात्रभर उघडे ठेवू द्यावे आणि पालकांनी मुलांस येऊ द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.