पितळ चकाकले, पुरावा गेला : जुन्या लष्करी होकायंत्राच्या 'जीर्णोद्धारा'विषयी

१/
आजचा धागा एखाद्या लढाईविषयी नाही, तळहातावर मावणाऱ्या एका वस्तूविषयी आहे. पदव्युत्तर अभ्यासाच्या पहिल्या वर्षी पुण्याच्या जुन्या बाजारात मला १९१७ सालचे एक लष्करी होकायंत्र मिळाले. मी त्याचा 'जीर्णोद्धार' केला. त्यात काय गमावले आणि त्यातून माझे कोणते मत बनले, ते आज मांडते.

२/
आधी वस्तूची ओळख. हा नमुना 'व्हर्नर्स पॅटर्न' म्हणून प्रसिद्ध आहे. ब्रिटिश सैन्यातील अधिकारी विल्यम विलोबी कोल व्हर्नर यांचे नाव त्याला मिळाले. पहिल्या महायुद्धात त्याचे मार्क ७ आणि मार्क ८ हे प्रकार मोठ्या प्रमाणावर वापरात होते. पितळी डबी, झाकणात काचेची खिडकी, काचेवर केसासारखी बारीक रेघ आणि समोरच्या बाजूस लोलक. रेघ दूरच्या खुणेवर जुळवायची आणि त्याच वेळी लोलकातून तबकडीवरचे अंश वाचायचे, अशी ही रचना.

३/
चुंबक जडवलेली तबकडी आत एका अणकुचीदार टेकूवर तोललेली असते. टेकूचे टोक बोथट झाले की ती अडखळू लागते. डबीचा काळसर लेप नेमका जिथे बोटे टेकतात तिथे विरतो. पाठीवर निर्मात्याचे नाव, क्रमांक, साल आणि सरकारी मालकीची बाणाची खूण कोरलेली आढळते. दोन बाण टोकाला टोक भिडवून कोरलेले दिसले, तर वस्तू सैन्याच्या मालकीतून बाहेर विकली गेली असे समजावे. होकायंत्राचे चरित्र असे त्याच्या अंगावरच लिहिलेले असते. झीज ही त्याची लिपी आहे.

४/
मला ती लिपी तेव्हा वाचता येत नव्हती. आपल्या घरांत काळवंडलेले पितळ हा आळसाचा पुरावा मानला जातो; समई असो वा तांब्या, चिंच लावून लखलखीत केल्याशिवाय जिवाला चैन पडत नाही. मीही तेच केले. आधी चिंच, मग पॉलिश, मग तासभर फडके. डबी सोन्यासारखी उजळली आणि घरच्यांनी कौतुकही केले.

५/
काही महिन्यांनी खरेदीच्या दिवशी काढलेले छायाचित्र मोठे करून पाहिले. कडेवर, ज्याला मी मळ समजले होते, तिथे हाताने ओरखडलेली दोन अक्षरे आणि काही आकडे होते. छायाचित्रात ते पुरते लागत नाहीत आणि पितळेवर आता काहीच नाही. विक्रेता म्हणाला होता, "फौजीच्या घरातलं आहे." १९१४ मध्ये मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या, म्हणजे 'पूना' डिव्हिजनमध्ये मराठा पलटणी होत्या, त्या आघाडीवर मराठा सैनिक १९१८ पर्यंत लढत होते. माझ्या होकायंत्राचा त्यांच्याशी संबंध होता की नव्हता? हा प्रश्न विचारण्याचा एकमेव धागा मी स्वतःच्या हाताने घासून टाकला.

६/
याची दुसरी बाजू अधिक गमतीची आहे. आज बाजारात जुन्या होकायंत्रांच्या नकला भरपूर मिळतात. नव्या पितळेवर रसायनांनी काळपटपणा आणून, जुने साल कोरून त्या विकल्या जातात. म्हणजे नकली वस्तूला कृत्रिम वय चढवले जाते आणि अस्सल वस्तूचे खरे वय आपण खरवडून काढतो. शेवटी दोन्ही शेजारी ठेवल्या, तर फरक कशावरून ओळखायचा?

७/
एक इशारा महत्त्वाचा. मार्क ८ मध्ये आणि पुढे दुसऱ्या महायुद्धातील अनेक होकायंत्रांत अंधारात दिसण्यासाठी रेडियमयुक्त रंग लावलेला असे. आज तो चमकत नाही, म्हणून निर्धोक समजू नये. विझतो तो रंगातील चमकणारा घटक. रेडियमचे अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षे आहे. अमेरिकेत घड्याळांच्या तबकड्या रंगवताना कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवणाऱ्या तरुण कामगार स्त्रियांना या रंगाने जीवघेणे आजार जडले होते. म्हणून डबी घरी उघडू नये आणि आतला रंग खरवडून नवा लावण्याचा विचारही करू नये.

८/
यावर एक आक्षेप रास्त आहे : उत्तर न दाखवणारे होकायंत्र कसले होकायंत्र? मला तो मान्य आहे. बोथट टेकूला जाणत्या कारागिराकडून पुन्हा टोक काढून घ्यावे, क्षीण झालेले चुंबकत्व परत आणावे. परंतु काय केले याची नोंद ठेवावी आणि काढलेला प्रत्येक मूळ भाग जपून ठेवावा. दुरुस्तीने वस्तू पुन्हा बोलू लागावी, तिची जुनी वाणी बदलू नये. फुटलेली काच बदलणे ही दुरुस्ती. डबी नवीकोरी करणे हे पुसून टाकणे.

९/
तेव्हा आजी-आजोबांच्या पेटीत असे काही सापडले, तर प्रथम तिरप्या उजेडात सर्व बाजूंनी छायाचित्रे काढा. पुसट ओरखडे त्याच उजेडात उठून दिसतात. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका आणि तिथेच थांबा. चुंबक असलेल्या वस्तूंपासून, मोबाइलपासूनही, ते दूर ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना ते कोणाचे होते हे विचारा आणि उत्तर त्याच दिवशी तारखेसह लिहून ठेवा.

१०/
वीरगळांना ऑइलपेंट फासलेला दिसला की आपण हळहळतो. रंगवणाऱ्याच्या मनात श्रद्धाच असते, तरीही शिल्पातले बारकावे बुजतात. माझ्या हातातले फडकेही प्रेमानेच फिरत होते. ते होकायंत्र आता माझ्या टेबलावर आहे, हळूहळू पुन्हा काळवंडते आहे. मी त्याला हात लावत नाही.